मक्तेदारीला विरोध: नागपुरातून दिसणारे तीन रस्ते

विदर्भात ‘एकाधिकार’ हा शब्द पुस्तकातून आला नाही, कापसाच्या बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून आला. व्यापाऱ्यांच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं म्हणून राज्य सरकारने 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. हेतू चांगलाच होता, पण खरेदीदार एकच उरला. संकलन केंद्रासमोर बंड्यांची रांग लागायची. ग्रेडर मूठभर कापूस ओढून प्रत लावायचा आणि ती पटली नाही तरी बंडी वळवून नेणार कुठे? मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला भाव जास्त असला तरी हद्द ओलांडून कापूस नेणं गुन्हा होता. शरद जोशींची शेतकरी संघटना या बंदीविरुद्ध लढली, आणि तिची मागणी होती खुल्या बाजाराची.

खाजगी मक्तेदारीविरुद्धचा कायदा मात्र समाजवादी विचारातून आला. मूठभरांच्या हाती संपत्ती एकवटू नये, हे राज्यघटनेच्या 39 व्या अनुच्छेदात आहेच. 1964 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला, 1969 मध्ये एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार प्रथांचा कायदा झाला. 20 कोटींपेक्षा जास्त मालमत्तेच्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. माझ्या मते चूक इथेच झाली: मोठं असणं हाच दोष ठरला आणि परवान्याची किल्ली मंत्रालयात गेली. ज्याच्याकडे परवाना, त्याला स्पर्धेची भीतीच उरली नाही.

1991 मध्ये ही मालमत्तेची अट गेली. त्याच वर्षी नागपुरात दत्तोपंत ठेंगडींच्या पुढाकाराने स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. त्याचा रोख बहुराष्ट्रीय कंपन्यांवर होता. समाजवादी, खुल्या बाजारवाले आणि स्वदेशीवाले यांचं एरवी एका वाक्यावर एकमत होणार नाही, पण एकाच हाती बाजार नको, हे तिघेही म्हणत होते. प्रत्येकाच्या मनातला मक्तेदार तेवढा वेगळा.

अमेरिकेतही असंच घडलं. तिथला पहिला मोठा कायदा 1890 चा, रिपब्लिकन सिनेटर शर्मन यांच्या नावाचा. 2021 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष बायडेन यांनी बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीवर टीका करणाऱ्या लीना खान यांना तिथल्या स्पर्धा-नियामक संस्थेवर (एफटीसी) नेमलं, तेव्हा 21 रिपब्लिकन सिनेटरांनीही त्यांच्या बाजूने मत दिलं.

आपल्याकडे 2002 च्या स्पर्धा कायद्याने आकाराऐवजी वागणुकीवर बोट ठेवलं. त्याची कसोटी नागपूरकरांच्या दारातच लागली. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं चालवणाऱ्या महानिर्मितीने सरकारी मालकीच्या कोल इंडिया आणि तिच्या उपकंपनी, नागपूरच्याच वेस्टर्न कोलफिल्ड्सविरुद्ध तक्रार केली: कोळशाच्या कराराच्या अटी एकतर्फी, आणि दुसरीकडे जायला वाट नाही. हे गाऱ्हाणं बंडीवाल्याचंच होतं, फक्त तराजूच्या दुसऱ्या बाजूने. 2013 मध्ये स्पर्धा आयोगाने 1,773 कोटींचा दंड ठोठावला, पुढे तो 591 कोटींवर आला. आपण सार्वजनिक हितासाठी चालतो, हा कायदा आपल्याला लागू नाही, असं कोल इंडियाचं म्हणणं होतं, आणि आधार 39 व्या अनुच्छेदाचाच. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. मालक सरकार असलं तरी कायदा तोच.