कोरियाची फाळणी

कोरियन द्वीपकल्पाचे १९४५ मध्ये ३८° उत्तर अक्षवृत्तावर झालेले विभाजन आणि त्यातून १९४८ मध्ये उभी राहिलेली दोन परस्परविरोधी राज्ये. ही रेषा मुळात जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे स्वीकारायची एवढे ठरवण्यासाठी होती. सध्याची सीमा या अक्षवृत्तावर नाही, ती १९५३ च्या शस्त्रसंधीची लष्करी सीमारेषा आहे. ती पश्चिमेस अक्षवृत्ताच्या दक्षिणेला, तर पूर्वेस बरीच उत्तरेला जाते. म्हणूनच १९४५ मध्ये दक्षिणेत असलेले केसाँग आज उत्तर कोरियात आहे आणि उत्तरेत असलेले सोकचो दक्षिण कोरियात.

द्वीपकल्पाचे राजकीय एकीकरण सातव्या शतकातले मानले जाते. सिल्ला राजवटीसाठी ६६८ किंवा ६७६ अशी दोन वर्षे सांगतात. मात्र उत्तरेकडील बराच प्रदेश तेव्हा बाहेरच राहिला असल्याने काही अभ्यासक गोर्यो राजवटीचे ९३६ हे वर्ष धरतात. कोणतेही वर्ष मानले तरी जपानने १९१० मध्ये देश गिळंकृत केला तेव्हा एक भाषा आणि एक राज्यव्यवस्था यांची सुमारे हजार वर्षांची परंपरा मागे होती. ३८° वर भाषेची, धर्माची किंवा जुन्या प्रांतांची कोणतीही सीमा नव्हती.

रेषेचा उगम : द्वीपकल्प वाटून घेण्याची कल्पना १९४५ पेक्षा जुनी आहे. १८९६ मध्ये जपानच्या यामागाता यांनी रशियाच्या लोबानोव्ह यांच्यापुढे उत्तर-दक्षिण प्रभावक्षेत्रांचा प्रस्ताव ठेवला. त्यात नेमके ३८ अंश होते की फक्त ढोबळ उल्लेख होता, यावर मतभेद आहेत. १९०३ मध्ये रशियाने ३९ व्या अक्षवृत्ताच्या उत्तरेस तटस्थ पट्टा सुचवला होता, याबद्दल मात्र वाद नाही.

सोव्हिएट संघाने ८ ऑगस्ट १९४५ रोजी जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याचे सैन्य ईशान्य कोरियाच्या बंदरांत उतरू लागले. सर्वांत जवळचे मोठे अमेरिकी सैन्य ओकिनावात, सुमारे हजार किलोमीटर दूर होते. १०-११ ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स बोनस्टील व डीन रस्क या दोन कर्नलांना अर्ध्या तासात रेषा सुचवण्यास सांगण्यात आले. सोल अमेरिकी भागात यावे आणि तरीही सोव्हिएट संघाने रेषा मान्य करावी, या दोन्ही अटी ३८ व्या अक्षवृत्तावर जुळल्या. हा तपशील मुख्यतः रस्क यांच्या नंतरच्या आठवणींवर आधारलेला आहे. रशिया-जपानच्या जुन्या वाटाघाटी आपल्याला ठाऊक नव्हत्या, असेही त्यांनी नमूद केले.

या हकिकतीवर दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की जुलै १९४५ मध्ये पॉट्सडॅम परिषदेच्या वेळीच अमेरिकी लष्करी नियोजकांनी अक्षवृत्ताच्या जवळपास एक रेषा विचारात घेतली होती आणि इंचॉन व पुसान ही बंदरे आपल्याकडे असावीत, हा तिचा हेतू होता. दुसरा असा, की रेषा जपानी सैन्याच्या कार्यक्षेत्रांच्या विभागणीवरून आली. या दुसऱ्या मताला अमेरिकी कागदपत्रांतून फारसा आधार मिळत नाही. पहिला आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. त्या रात्रीची घाई खरी होती, पण काय हातचे जाऊ द्यायचे नाही, हे बरेचसे आधीच ठरलेले होते.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी पाठवलेल्या प्रस्तावाला दिलेल्या १६ ऑगस्टच्या उत्तरात स्टालिन यांनी रेषेला हरकत घेतली नाही. उलट कुशिरो-रुमोई रेषेच्या उत्तरेचा होक्काइडो मागितला आणि ट्रूमन यांनी तो १८ ऑगस्टला नाकारला. जपानी सैन्याने कोणापुढे शरण जायचे हे सांगणाऱ्या सर्वसाधारण आदेश क्र. १ मधून २ सप्टेंबर रोजी रेषा अधिकृत झाली. या सगळ्या प्रक्रियेत एकाही कोरियन व्यक्तीला विचारले गेले नाही.

जमिनीवरील परिणाम : नकाशावरची सरळ रेषा डोंगर, नद्या, वाटा काही न पाहता गेली. अमेरिकी नोंदींनुसार तिने ७५ हून अधिक ओढे, १२ नद्या, १८१ गाडीवाटा, १०४ ग्रामीण रस्ते, बारमाही वाहतुकीचे १५ प्रांतीय रस्ते, ८ महामार्ग आणि उत्तर-दक्षिण जाणारे ६ लोहमार्ग कापले. पश्चिमेकडील ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेच्या वाट्याला आला खरा, पण जमिनीवरून तिथे जायला वाटच उरली नाही, समुद्रमार्गेच जावे लागे. दक्षिणेत सुमारे ९६ हजार चौ. किमी. प्रदेश व २ कोटी १० लाख लोक, तर उत्तरेत सुमारे १ लाख २४ हजार चौ. किमी. व ९० लाख लोक आले. भातशेती दक्षिणेत, तर जलविद्युत, खनिजे व हंगनामचा खत कारखाना उत्तरेत राहिला. विजेचे बिल कोणी, कशात भरायचे याचा तंटा मिटला नाही आणि १४ मे १९४८ रोजी उत्तरेने वीज तोडली. दक्षिणेतील गिरण्या व पंप त्यामुळे बंद पडले.

रेषेचे राज्यसीमेत रूपांतर : सोलमध्ये कोरियन नेते यो उन-ह्याँग यांच्या पुढाकाराने लोकसमित्या उभ्या राहिल्या होत्या आणि ६ सप्टेंबर १९४५ रोजी लोकप्रजासत्ताकही जाहीर झाले. ८ सप्टेंबरला इंचॉनला उतरलेल्या अमेरिकी जनरल हॉज यांच्या प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. उत्तरेत सोव्हिएट सैन्याने अशाच समित्या हाताशी धरून त्यांवर साम्यवाद्यांचे वर्चस्व आणले. डिसेंबर १९४५ च्या मॉस्को परिषदेत पाच वर्षांपर्यंतच्या विश्वस्त कारभाराचे ठरले. त्याला विरोध करणाऱ्या पक्षांशी सल्लामसलत करायची की नाही, या प्रश्नावर अमेरिका व सोव्हिएट संघ यांचा संयुक्त आयोग १९४६ व १९४७ मध्ये दोनदा अडला.

प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. निवडणुकीच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. आयोगाला उत्तरेत प्रवेश मिळाला नाही. जिथे शक्य तिथे निवडणूक घ्यावी, असा ठराव २६ फेब्रुवारी १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंतरिम समितीत ३१ विरुद्ध २ मतांनी झाला. कॅनडा व ऑस्ट्रेलिया विरोधात होते. फाळणी या ठरावाने पक्की झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १० मे रोजी दक्षिणेत मतदान झाले. १५ ऑगस्टला सिंगमन ऱ्ही यांच्या अध्यक्षतेखाली कोरिया प्रजासत्ताक आणि ९ सप्टेंबरला किम इल-सुंग यांच्या नेतृत्वाखाली कोरिया लोकशाही जनप्रजासत्ताक स्थापन झाले. दोन्ही राज्यघटनांचा दावा संपूर्ण द्वीपकल्पावर होता.

युद्ध (२५ जून १९५० - २७ जुलै १९५३) : आक्रमण उत्तरेने केले व त्याला स्टालिन यांची पूर्वसंमती होती, हे १९९० नंतर खुल्या झालेल्या रशियन कागदपत्रांवरून बहुतेक अभ्यासक मानतात. शस्त्रसंधीवर दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे सेनापती, उत्तर कोरिया व त्याच्या बाजूने लढलेले चिनी स्वयंसेवक यांच्या सह्या आहेत, दक्षिण कोरियाची नाही. सह्या सकाळी १० वाजता झाल्या व गोळीबार रात्री १० ला थांबायचा होता. त्यानंतर ७२ तासांत दोन्ही सैन्यांनी सीमारेषेपासून प्रत्येकी २ किमी. मागे हटायचे होते. त्यातून ४ किमी. रुंदीचा निर्लष्करी पट्टा तयार झाला. रेषेवर कुंपण नव्हे, तर १,२९२ पिवळ्या पाट्या लावल्या गेल्या. दक्षिणेकडील बाजूस कोरियन व इंग्रजी, उत्तरेकडील बाजूस कोरियन व चिनी मजकूर होता. समुद्रातील रेषा करारात ठरलीच नाही. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सेनेने एकतर्फी आखलेली उत्तर मर्यादा रेषा उत्तर कोरिया मानत नाही. पीत समुद्रातील चकमकींचे मूळ यातच आहे.

मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय अभिरक्षक दलाकडे होता. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. थोरात हे मराठी सेनानी होते. ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू न दिल्याने त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. सुमारे २२,६०० कैद्यांपैकी प्रत्येकाला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी ९० दिवसांत, खास उभारलेल्या तंबूंत, परत येण्याबद्दल समजावून सांगायचे होते. छावण्यांतील पुढाऱ्यांच्या दडपणामुळे बहुतेक कैदी त्या तंबूंपर्यंत आलेच नाहीत.

नंतरचा काळ : विभक्त कुटुंबांच्या सरकारी भेटी १९८५ मध्ये प्रथम झाल्या, २००० पासून अधूनमधून चालू राहिल्या आणि ऑगस्ट २०१८ नंतर थांबल्या. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून अधिक व्यक्तींनी भेटीसाठी नावे नोंदवली होती. त्यांतील बहुसंख्य भेटीविना वारल्या. देशाच्या नावावरही एकमत नाही. दक्षिणेतले लोक देशाला हानगुक व उत्तरेला बुकहान म्हणतात, तर उत्तरेतले चोसन व नामचोसन. १९९१ मध्ये दोन्ही राज्ये एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांची सदस्य झाली. एकीकरणाचे उद्दिष्ट सोडत असल्याचे उत्तर कोरियाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दक्षिणेला जोडणारे पूर्व व पश्चिम किनाऱ्यांकडील दोन रस्ते सुरुंग लावून उडवले.