औषध सोडल्याचा त्रास की उलटलेला आजार?

नैराश्यावरची गोळी बंद केल्यानंतर काही महिन्यांनीही झोप लागत नाही, जीव घाबरतो, विनाकारण रडू येते, तेव्हा घरचे लोक आणि पुष्कळदा डॉक्टरही आजार उलटल्याचे गृहीत धरतात. तो खरोखर उलटलेला असू शकतो. पण हा औषध सोडल्याचा, म्हणजे विड्रॉवलचा, लांबलेला त्रासही असू शकतो, आणि उदासी, चिडचिड व निद्रानाश दोहोंतही आढळत असल्याने केवळ त्यांवरून निवाडा करता येत नाही.

सुरुवात कधी झाली, हे आधी पाहावे. विड्रॉवलचा त्रास बहुधा काही दिवसांतच उद्भवतो. नैराश्यावरच्या व्हेन्लाफॅक्सिन या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले औषध निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ५ तासांचे आणि पॅरॉक्सेटिनचे जवळपास एका दिवसाचे असल्याने ती सोडताना तो लवकर जाणवतो. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणून तेथे तो उशिराही येऊ शकतो. आजार सहसा मधे बरा काळ जाऊन आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो. त्यामुळे सहाव्या महिन्यात आलेल्या रुग्णाला ‘गोळी कधी सोडली?’ एवढेच विचारणे अपुरे आहे; त्रास कधी सुरू झाला आणि मधे बरे वाटले होते का, हे विचारले नाही तर लांबलेले विड्रॉवल हमखास आजाराच्या खात्यात जमा होते.

त्याहून बोलकी खूण म्हणजे मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणे: नजर वळवताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे, भोवळ, मळमळ, विचित्र स्वप्ने, आवाज वा उजेड असह्य होणे. शिवाय हा त्रास अनेकांना लाटांसारखा येतो; चार दिवस बरे जातात आणि पुन्हा उसळी येते. औषध पुन्हा सुरू केल्यास ताजे विड्रॉवल बहुधा काही दिवसांत शमते, तर आजाराला उतार पडायला आठवडे लागतात. मात्र त्रास महिनोन्‌महिने लांबलेला असेल तर ही कसोटी तितकी भरवशाची राहत नाही.

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटत असलेल्या रुग्णांवरील २०२१ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के, तर चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के जणांचा आजार उलटला. यातील काही ‘उलटणे’ प्रत्यक्षात विड्रॉवल असावे, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

त्रास विड्रॉवलचा असेल तर रोजची नोंदवही, ठरलेली झोपेची वेळ आणि मद्य टाळणे उपयोगी पडते. अजून डोस कमी करणे चालू असेल, तर शेवटचे काही मिलिग्रॅम सर्वांत सावकाश कमी करावे लागतात, कारण मेंदूवरचा परिणाम डोसच्या प्रमाणात घटत नाही. कमी डोसवरची छोटी कपातही मोठी ठरते. लवकर उतरणाऱ्या औषधांबाबत एक दिवसाआड गोळी घेणे तर चुकीचेच. आजार असेल तर उपचार पुन्हा सुरू करण्याविषयी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र कारण ठरण्याची वाट पाहू नये; त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, आणि भारतात टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.