सागवानी जहाज दोनशे वर्षं कसं टिकलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडच्या जुन्या घरांत सागवानाचे खांब आणि तुळया अजून खणखणीत आहेत. याच झाडाच्या लाकडाचं एक अख्खं लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या जुन्या गोदीत आजही तरंगतं आहे. त्याचं नाव ‘ट्रिंकोमली’. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ते मुंबईच्या गोदीत बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजांना पुरेसं ओक झाडाचं लाकूड उरलं नव्हतं, म्हणून मलबारचा साग वापरला गेला.

नाइलाजाने केलेली ही निवड जहाजाला तारून गेली.

ओकच्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. लोखंडी खिळा ठोकला की ओलाव्यात टॅनिन आणि लोखंडाची रासायनिक क्रिया सुरू होते. खिळा झिजतो, भोवतीचं लाकूडही काळं पडून कमजोर होतं. सागात हा त्रास फार कमी. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पाणी सहजी आत शिरत नाही. टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवीला आणि बुरशीला नकोसं असतं. शिवाय पेशींमध्ये सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक असतो. रंधा आणि करवत सागावर लवकर बोथट होतात ते त्यामुळेच. हे सगळं गाभ्याचं झालं. बाहेरच्या पांढरट लाकडात ही ताकद नसते, म्हणून जाणता सुतार ते काढून टाकतो.

समुद्रात मात्र वाळवीपेक्षा भयंकर शत्रू आहे. लाकूड पोखरणारा ‘टेरेडो’ किड्यासारखा दिसतो, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. त्याच्यापुढे सागही पूर्ण सुरक्षित नाही. त्यावर त्या काळचा उपाय म्हणजे जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारणे. पाण्यात अगदी सावकाश विरघळणारं तांबं या जिवांना विषासारखं भोवतं.

१८९७ मध्ये जॉर्ज व्हीटली कॉब यांनी हे जहाज विकत घेतलं, ‘फूद्रॉयां’ असं नाव दिलं आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आणलं. १९८६ पर्यंत ते शिकवण्याच्याच कामी आलं. पुढे हार्टलपूलला ते दुरुस्त झालं, मूळचं नाव परत मिळालं, आणि २००१ मध्ये काम पुरं झाल्यापासून लोक डेकवर चढून ते पाहतात. माझ्या मते दुरुस्तीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की जुनं लाकूड जिथे शाबूत होतं तिथे ते तसंच ठेवलं.

आपल्याकडे वाडे पाडताना निघणाऱ्या तुळयांकडे शाळांनी याच नजरेने पाहावं असं मला फार वाटतं. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाबरोबर पुन्हा वाढीला लागतो, म्हणून त्यात वर्षाला एक कडं उमटतं. हंगामाच्या सुरुवातीची छिद्रं मोठी असतात, त्यामुळे कड्याची सीमा ओळखू येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशाच कड्यांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास केला आहे. तुळईचं टोक आडवं कापा, पॉलिश पेपरने चांगलं घासा, थोडं पाणी लावा. साध्या भिंगातून मुलांना कडी मोजता येतील. कडं अरुंद दिसलं तर त्या वर्षी पाऊस कमी झाला असावा का, हा प्रश्न तीच विचारतील.