नवी प्रजाती की संकर?

पावसाळ्यात ठाण्याजवळ येऊरच्या पायवाटेवर किंवा पारसिकच्या उतारावर अनोळखी रोपटे दिसले, की ती नवी प्रजाती असावी अशी शंका मनात येते. बहुतेक वेळा ती खोटी ठरते, कारण एकाच प्रजातीचे रोप सावलीत लांबट आणि विरळ वाढते, तर कातळावरच्या पातळ मातीत खुरटे राहते. त्यामुळे अभ्यासक उंची किंवा पानांचा आकार यांवर फारसे न विसंबता फूल, फळ आणि बी तपासतात. कुंपणाकडेच्या केन्याचेच पाहा. केन्यात, म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये, फुलांना वेढणाऱ्या पानाच्या कडा खाली जुळून नरसाळे तयार होते, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या कॉमेलिना डिफ्युसामध्ये त्या सुट्या असतात. शिवाय पहिलीला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात, जी छायाचित्रात कधीच दिसत नाहीत.

संकराचा, म्हणजे दोन प्रजातींच्या मिश्र संततीचा, प्रश्न याहून अवघड आहे. दोन जवळच्या प्रजाती एकत्र वाढत असतील, त्यांचा बहर एकाच काळात येत असेल आणि एकच कीटक दोन्हींवर जात असेल, तर संकर संभवतो. त्याची लक्षणे अनेकदा दोहोंच्या मधली असतात, पण तेवढा पुरावा पुरत नाही. परागकणांना ॲसिटोकार्माइन हा रंग लावल्यास निरोगी कण लाल होतात आणि पोकळ कण फिकेच राहतात. पोकळ कण खूप आढळले तर संकराचा संशय बळावतो, मात्र कडक उष्म्यानेही पराग बिघडतात. निर्णायक साक्ष डीएनएची. पेशीकेंद्रातील डीएनए दोन्ही पालकांकडून येतो, तर हरितलवकातील बहुधा मातेकडूनच येतो. त्यामुळे दोन्ही तपासल्यास मातृवनस्पती कोणती, हेही सांगता येते.

संकर बहुधा वांझ असतो, पण नेहमीच त्याचा वंश खुंटतो असे नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून निसटलेली सेनेसिओ स्क्वालिडस ही वनस्पती रेल्वेमार्गांच्या खडीवरून दूरवर पसरली. तिची गुणसूत्रे 20. तेथील स्थानिक सेनेसिओ वल्गॅरिसची 40. दोहोंच्या 30 गुणसूत्रांच्या वांझ संकरात गुणसूत्रे दुप्पट झाली आणि 60 गुणसूत्रांची, बी धरणारी सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस ही नवी प्रजाती वेल्समध्ये अवतरली. म्हणूनच संकर शोधायचा तर येऊरच्या दाट झाडीपेक्षा ऐरोलीकडचे भराव, खणलेले उतार आणि रेल्वेलगतच्या मोकळ्या जागा अधिक आशादायक वाटतात. उकरलेल्या जमिनीवर एरवी दूर राहणाऱ्या वनस्पती शेजारी येतात आणि त्यांच्या संततीलाही जागा मिळते.

शोध पक्का झाला तरी नामकरण उरतेच. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथून रोप उचलण्यास वनखात्याची परवानगी लागते. त्याच उद्यानाच्या पलीकडच्या बोरिवलीचे नाव सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम या शास्त्रीय नावात आहे. सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात ते दिले. नव्या प्रजातीचे वर्णन 2012पासून लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करता येते, पण ज्यावर ते नाव आधारलेले आहे तो वाळवलेला नमुना मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर मूळ रोपच तपासता येते.