४के व्हिडिओ आणि जुना डेस्कटॉप: अडतं कुठे?

इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ म्हणजे घट्ट आवळून बांधलेलं गाठोडं. १०८०पीच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली, तर कच्चा माल सेकंदाला जवळपास १८७ मेगाबाइट भरतो. प्रत्यक्षात ५ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.६ मेगाबाइटची वाट त्याला पुरते. मागच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही, ही त्यातली मुख्य युक्ती. गाठोडं सोडण्याचं काम मात्र आपल्या कॉम्प्युटरचं, आणि ४केमध्ये ठिपके चौपट.

हे काम प्रोसेसरचे कोर (त्यातले हिशेब करणारे भाग) करतात, नाहीतर ग्राफिक्समधलं खास डिकोडर सर्किट. सर्किट ते सहज उरकतं, पण त्याला ठरावीक कोडेकच, म्हणजे गाठोडं बांधण्या-सोडण्याच्या पद्धतीच येतात. एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१ हे असेच कोडेक. २०१३ च्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरला एच.२६४ येतं. व्हीपी९ पूर्णपणे सांभाळणारं सर्किट इंटेलच्या सातव्या पिढीत आलं, एव्ही१चं अकराव्या पिढीत. यूट्यूब १०८०पीच्या वर एच.२६४ देतच नाही, आणि अडतं ते इथेच. सेकंदाला ६० चित्रांचा ४के व्हिडिओ लावला की सगळा भार कोरवर पडतो आणि चित्र तुटू लागतं.

दोष कुणाचा, हे दोन मिनिटांत कळतं. व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘बफर हेल्थ’ (पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरलाय) शून्याकडे घसरत असेल तर नेट कमी पडतंय. ४केला २० एमबीपीएस हवेत. बफर भरलेला असूनही ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’, म्हणजे गाळलेली चित्रं, वाढत असतील तर कॉम्प्युटर दमतोय. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्सच्या चिपचा) ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख बघा. तो सपाट असेल तर सर्किट वापरलंच जात नाहीये. पुष्कळदा विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा राहून गेलेला असतो, किंवा क्रोमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद असतं. एसएसडी लावल्याने इथे काही फरक पडत नाही.

नागपुरात आणखी एक कारण असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत धूळ आणि त्या दोघांमधली, वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट. प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोहोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जानेवारीत नीट चालणारा व्हिडिओ मेमध्ये अडखळतो, तो बरेचदा यामुळे. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. कॉम्प्युटरचं कॅबिनेट खोलीतल्या एअर कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. दमट हवेत धूळ चिकटून बसते.

मॉनिटर १०८०पीचा असेल तर ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन पुरतं. ते यूट्यूबला एच.२६४च द्यायला लावतं. पैसे खर्च करायची गरजच नाही.

४के हवंच असेल तर जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड जमतं. ते सुमारे ३० वॅट खातं, वेगळी पॉवर केबल मागत नाही. व्हीपी९ त्याला येतं, एव्ही१ येत नाही. म्हणून यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ फक्त एसडीसाठी (कमी ठिपक्यांच्या व्हिडिओसाठी) ठेवा. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) कार्ड घ्यायला जाण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. अरुंद असेल तर कार्ड बसवायची लो-प्रोफाइल, म्हणजे आखूड, पट्टी लागेल. ४केचा टीव्ही किंवा मॉनिटर या नव्या कार्डाच्याच एचडीएमआयला जोडा. जुन्या मदरबोर्डवरच्या १.४ एचडीएमआयमधून ४के सेकंदाला ३० चित्रांपुढे जात नाही.