मार्टिनिक ते टेक्सास: मेलानी दे जेझुस दोस सांतोसच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 28 जुलै 2024 रोजी बेर्सीच्या सभागृहात महिलांच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्सची पात्रता फेरी झाली. यजमान फ्रान्सचा संघ पहिल्या आठांत आला नाही, म्हणजे अंतिम फेरी गाठू शकला नाही, आणि ज्या खेळाडूवर सर्वाधिक भिस्त होती त्या मेलानी दे जेझुस दोस सांतोसला एकाही वैयक्तिक अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी याच संघाने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. त्या एका दिवसावरून मेलानीच्या कारकिर्दीचा निकाल लावणे सोपे असले, तरी ती कारकीर्द ज्या व्यवस्थेत घडली त्या व्यवस्थेचा इतिहास पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. कुठे राहायचे, कुठे सराव करायचा आणि कोणाच्या हाताखाली, हे प्रश्न फ्रेंच जिम्नॅस्टिक्समध्ये नेहमीच पदकांच्या आधी येतात.

फ्रान्समध्ये हा खेळ रुजला तो सैन्याच्या आश्रयाने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्सिस्को आमोरोस या स्पेनमधून आलेल्या अधिकाऱ्याने पॅरिसमध्ये लष्करी व्यायामशाळा चालवली, 1852 मध्ये ज्वँव्हिल येथे सैनिकी व्यायामशिक्षणाची शाळा निघाली, आणि 1870 च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाल्यावर देशभर जिम्नॅस्टिक्स मंडळांचे पेव फुटले. 1873 मध्ये या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढची पिढी सशक्त करून पराभवाची भरपाई करायची, ही त्यामागची उघड प्रेरणा होती. 1903 मध्ये अँटवर्प येथे भरलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा फ्रान्सने जिंकली. तिलाच नंतर पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. स्त्रियांना मात्र या साऱ्यात बराच काळ स्थान नव्हते. 1950 मध्ये बासेलच्या जागतिक स्पर्धेत फ्रेंच महिलांनी सांघिक रौप्यपदक मिळवले आणि त्यानंतर सोव्हिएत संघ, रोमानिया, पूर्व जर्मनी यांच्या झंझावातात त्या कित्येक दशके मागे पडल्या.

व्यवस्था बदलली ती 1960 च्या रोम ऑलिंपिकनंतर. फ्रान्सला त्या स्पर्धेत एकही सुवर्णपदक मिळाले नाही, सारी मिळून पाचच पदके हाती लागली. या नामुष्कीवर वर्तमानपत्रांनी इतकी टीका केली की राष्ट्राध्यक्ष द गॉल स्वतःच ट्रॅकसूट घालून निघाल्याचे व्यंगचित्र आजही फ्रान्समध्ये आठवले जाते. सरकारने खेळाची जबाबदारी अंगावर घेतली. सत्तरच्या दशकात शाळा आणि सराव यांची सांगड घालणारे वर्ग सुरू झाले, पॅरिसलगतच्या व्हँसेनच्या जंगलात इन्सेप ही राष्ट्रीय क्रीडासंस्था उभी राहिली, आणि पुढे प्रत्येक खेळाच्या महासंघाने आपापली प्रशिक्षण केंद्रे नेमली. या केंद्राला फ्रेंचमध्ये ‘पोल’ म्हणतात. मुलगी गावातल्या क्लबात खेळायला लागते, तिथे तिच्यात काही दिसले की तिला पोलमध्ये बोलावले जाते. तिथेच वसतिगृह, तिथेच शाळा, तिथेच दिवसातून दोनदा सराव. जिम्नॅस्टिक्समध्ये मुली फार लहान वयात शिखर गाठतात, त्यामुळे हे बोलावणे बहुधा दहा-बारा वर्षांच्या मुलीला येते.

या पद्धतीचे सर्वांत लखलखीत फळ म्हणजे एमिली ल पेनेक. मार्सेयच्या केंद्रात ईव्ह कीफेर आणि मार्तीन जॉर्ज यांच्या हाताखाली तयार झालेल्या एमिलीने 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अनइव्हन बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवर) सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिला 9.687 गुण मिळाले आणि अमेरिकेच्या टेरिन हम्फ्रीला 9.662, अवघ्या अडीच शतांश गुणांनी ती फ्रान्सची या खेळातली पहिली महिला ऑलिंपिक विजेती ठरली. पुढच्याच वर्षी मरीन दबोव युरोपची सर्वांगीण, म्हणजे चारही उपकरणांचे गुण मिळून ठरणारी, विजेती झाली. त्यापूर्वी 1995 च्या जागतिक स्पर्धेत ल्युदिव्हीन फ्युर्नोंने फ्लोअरवर कांस्य मिळवले होते, म्हणजे पायाभरणी आधीपासूनच चालू होती. पण दबोवनंतर चौदाएक वर्षे फ्रान्सला अशी चारही उपकरणांवर युरोपात वरचढ ठरणारी मुलगी मिळाली नाही.

ती मिळाली अटलांटिकपलीकडे. मेलानीचा जन्म 5 मार्च 2000 रोजी मार्टिनिक बेटावरच्या शेलशेर येथे झाला. मार्टिनिक कॅरिबियन समुद्रात आहे. 1946 पासून कायद्याने ते फ्रान्सचाच एक जिल्हा असले, तरी पॅरिसहून सुमारे सात हजार किलोमीटर दूर. तिथल्या मुलीला पोलचे बोलावणे येते तेव्हा घर सोडून समुद्र ओलांडण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. मेलानी बाराव्या वर्षी मध्य फ्रान्समधल्या सेंत-एत्येन या जुन्या खाणनगरीत आली आणि मोनिक व एरिक आगार या प्रशिक्षक दांपत्याकडे शिकू लागली. या वाटेवरची ती एकटी नव्हती. तिची समवयस्क मरीन ब्वाये हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरची, आणि नव्वदच्या दशकात संघात असलेली एल्व्हीर तेझाही त्याच बेटाची. फ्रेंच संघाच्या गुणवत्तेचा मोठा वाटा अशा दूरच्या बेटांवरून येतो, पण सरावाच्या सोयी मात्र मुख्य भूमीवरच एकवटलेल्या आहेत, आणि याची किंमत ती मुलगी व तिचे घर मोजते. याचा विचार अधिकृत नोंदींत फारसा कोणी केलेला दिसत नाही.

2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी मेलानी वयाने पात्र झाली होती, परंतु गुडघ्याच्या दुखापतीने ती संधी हुकली. त्या स्पर्धेत ब्वाये बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, चौथी आली. आपल्या दीपा कर्माकरलाही त्याच स्पर्धेत व्हॉल्टवर चौथ्या क्रमांकाने हुलकावणी दिली होती, म्हणून मराठी वाचकाला त्या स्थानाची सल वेगळी समजावून सांगायला नको. मेलानीचा खरा उदय 2017 मध्ये झाला. रोमानियातल्या क्लुज येथील युरोपीय स्पर्धेत ती सर्वांगीण प्रकारात तिसरी आली. 2018 मध्ये ग्लासगोला तिने फ्लोअरवर युरोपीय सुवर्ण मिळवले आणि फ्रान्सला सांघिक रौप्य मिळवून देण्यात तिचा हात होता. 2019 मध्ये पोलंडच्या श्चेचिन शहरात तिने सर्वांगीण आणि फ्लोअर अशी दोन सुवर्णपदके जिंकली. दबोवनंतर चौदा वर्षांनी फ्रान्सकडे हा किताब परत आला.

फ्लोअरवर तिचे वेगळेपण दिसे. बारा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात, नव्वद सेकंदांत, संगीताच्या साथीने हा प्रकार करायचा असतो. 2006 पासून दहापैकी दहाचा जुना हिशेब बंद झाला आहे. आता काठिण्याचे गुण वेगळे आणि अचूकतेचे वेगळे मोजून त्यांची बेरीज होते. या पद्धतीत अनेक मुली उड्यांचे ओझे वाढवून नृत्याची बाजू उरकून टाकतात. मेलानीच्या उड्या उंच आणि जोरकस होत्या, तरी दोन उड्यांमधला भाग तिने वाया जाऊ दिला नाही. मात्र मोठ्या उडीचा जोर अंगात राहिला की उतरताना एक पाऊल रेषेबाहेर पडते आणि एक दशांश गुण जातो, दोन्ही पावले पडली तर तीन दशांश. बीमवरून खाली पडल्यास पूर्ण एक गुण. वरच्या क्रमांकांतले अंतर कित्येकदा याहून कमी असते.

2018 आणि 2019 च्या जागतिक स्पर्धांत फ्रान्स पाचवा आला, आणि एक वर्ष लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सहावा. टोकियोनंतर मेलानी सेंत-एत्येनमधून बाहेर पडली, काही काळ थांबली आणि 2022 मध्ये टेक्सासला, ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंग येथील वर्ल्ड चॅम्पियन्स सेंटरमध्ये दाखल झाली. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती सिमोन बाइल्स हिच्या कुटुंबाच्या मालकीच्या या जिममध्ये बाइल्सला तेव्हा शिकवणारे सेसील आणि लोराँ लांदी हे दांपत्य मूळचे फ्रेंच आहे. सेसील 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रान्सकडूनच खेळल्या होत्या. दोघेही पुढे अमेरिकेत गेले, रिओमध्ये बार्सवर रौप्य मिळवणारी मॅडिसन कोशियन त्यांच्याच हाताखाली तयार झाली, आणि 2017 पासून ते बाइल्सचे प्रशिक्षक झाले. राज्याने साठ वर्षे खर्च करून उभी केलेली केंद्रे फ्रान्समध्ये होती, आणि देशातली सर्वोत्तम खेळाडू फ्रेंच प्रशिक्षकांच्या शोधात एका अमेरिकन खासगी जिममध्ये जात होती. महासंघाने तिला जाऊ दिले हे त्याचे शहाणपण म्हणायचे. तरी त्या निर्णयात आपल्या व्यवस्थेबद्दलची अप्रत्यक्ष कबुली होतीच.

या बदलाचे फळ लवकर दिसले. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा अँटवर्पला भरली. अंतिम फेरीत प्रत्येक उपकरणावर संघाच्या तिघींनीच उतरायचे आणि तिघींचेही गुण धरायचे, असा नियम असतो. एक घसरली तर तिला झाकून घेणारे कोणी नसते. मेलानी, ब्वाये, लोरेत शार्पी, कोलीन देव्हियार आणि मॉर्गान ओसिसेक यांच्या संघाने अमेरिका आणि ब्राझीलच्या मागे तिसरे स्थान मिळवले. 1950 नंतर फ्रेंच महिलांचे हे पहिलेच सांघिक जागतिक पदक होते. पॅरिसमध्ये पदक मिळेल, हा हिशेब मांडणाऱ्यांना वेड्यात काढावे अशी स्थिती नव्हती.

पॅरिसच्या पात्रता फेरीत नियम थोडा सैल होता. पाचजणींच्या संघातून प्रत्येक उपकरणावर चौघी उतरतात आणि सर्वोत्तम तीन गुण धरले जातात, म्हणजे एकीची चूक पचते. त्या दिवशी चुका एकीच्या नव्हत्या. मेलानीकडूनही एकापेक्षा अधिक उपकरणांवर चुका झाल्या, आणि ज्या खेळाडूच्या गुणांवर संघाची बेरीज उभी असते तिचेच गुण कमी पडले की उरलेल्यांच्या कामगिरीने ते अंतर भरून निघत नाही. घरच्या प्रेक्षकांचे दडपण हे कारण अनेकांनी दिले. मला ते अपुरे वाटते, कारण संघातली प्रमुख खेळाडू एका खंडात आणि इतरजणी दुसऱ्या खंडात सराव करत असताना संघाची घडी बसवणे हा दडपणाच्या कितीतरी आधीचा प्रश्न असतो.

त्याच सभागृहात 4 ऑगस्टला अनइव्हन बार्सची अंतिम फेरी झाली आणि 15.700 गुणांनी ती जिंकली केलिया नमूरने. केलियाचा जन्म फ्रान्समधला, सराव ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या आव्वान-बोमों या छोट्या क्लबातला, पण पदक अल्जीरियाच्या नावावर. 2021 मध्ये तिच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावरही महासंघाच्या डॉक्टरांनी तिला स्पर्धेत उतरू दिले नाही, आणि तिच्या क्लबमधल्या केंद्राच्या दर्जावरूनही महासंघाशी वाद पेटला. वडिलांकडून अल्जीरियाशी नाते असल्याने तिने देश बदलला. फ्रेंच महासंघाने त्याला हरकत घेतली आणि 2023 मध्ये क्रीडामंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर तिचा मार्ग मोकळा झाला. मेलानीने केंद्र सोडले आणि तिला महासंघाचा पाठिंबा मिळाला. केलियाने क्लब सोडायला नकार दिला आणि तिला देश सोडावा लागला. दोन्ही प्रकरणांत खेळाडूच्या सरावाची जागा कोणी ठरवायची हाच मुद्दा होता आणि महासंघाने दोन वेगळी उत्तरे दिली.

सेसील लांदी पॅरिसनंतर जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाच्या सहमुख्य प्रशिक्षक म्हणून गेल्या, त्यामुळे टेक्सासमधली ती फ्रेंच जोडी पूर्वीसारखी राहिली नाही. फ्रान्सच्या नोंदवहीत महिला जिम्नॅस्टिक्समधले ऑलिंपिक सुवर्ण अजून एकच आहे, 2004 चे, मार्सेयमध्ये घडलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे.