लोटसच्या आधीची न खपलेली ऑस्टिन

लोटस या ब्रिटिश रेसिंग आणि स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीचे नाव तिचा संस्थापक कॉलिन चॅपमनने का निवडले, हे त्याने कधीच उघड केले नाही. तर्क पुष्कळ झाले. मराठी माणसाला चिखल आणि कमळ लगेच आठवेल, आणि योगायोग असा की त्याची पहिली गाडी खरोखरच चिखलात चालवण्यासाठी बनली होती.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८चा, लंडनलगतच्या रिचमंडमधला. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सीत रेल्वे हॉटेल चालवत. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला गेला. म्हणजे गाड्यांचे नव्हे, बांधकामांचे शिक्षण. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त भार कसा पेलायचा, हे तिथे डोक्यात बसले. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान चालवायलाही शिकला.

जोडीला धंदा होता जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा. युद्धानंतर नव्या गाड्या सहज मिळत नसल्याने तो तेजीत चालला. मग १९४७च्या अखेरीस सरकारने खासगी वाहनांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि बाजार बसला. कमाई गेली. अंगावर उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी, जिला कोणी गिऱ्हाईक मिळेना.

मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने तिचे भाग सुटे केले आणि विमानाच्या धर्तीवर प्लायवूड व अ‍ॅल्युमिनियमची हलकी बॉडी चढवली. ही मार्क १, साल १९४८. चिखलाचे चढ न थांबता चढायचे, अशा ‘ट्रायल’ स्पर्धांसाठी. त्याच सुमारास अंतिम परीक्षेत गणिताने दगा दिला. पदवी पुढच्या वर्षी मिळाली. नंतर थोडा काळ हवाई दल, मग ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत नोकरी.

त्याचा खरा स्वभाव मार्क ३मध्ये दिसतो. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी तोंडे दोनच. दोन सिलिंडरांनी एक वाटून घ्यायचे. चॅपमनने आत पडदा घालून प्रत्येकाला स्वतंत्र वाट दिली. नियमात हे बसत होते. १९५१च्या ७५० फॉर्म्युला, म्हणजे ऑस्टिन सेव्हनवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींत गाडी इतकी पुढे गेली, की आयोजकांनी ती युक्तीच नियमाबाहेर काढली. नियम वाचावा तर या माणसासारखा!

१ जानेवारी १९५२ला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल म्हणून हेझलने दिलेले २५ पौंड, जागा वडिलांच्या हॉटेलामागचे जुने तबेले. मार्क ६ ही विक्रीसाठी बनवलेली पहिली गाडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर अ‍ॅल्युमिनियम. गिऱ्हाइकाने सुटे भाग नेऊन घरी जोडायचे, इंजिन बहुधा फोर्डचे. तयार नव्या गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर नाही. हौशी तरुणाला रेसिंगची गाडी परवडण्यामागे हा कर वाचणे मोठे कारण होते.

नोकरी मात्र त्याने १९५५पर्यंत सोडली नाही. दिवसा कंपनी, रात्री तबेले. १९५४मध्ये हेझलशी लग्न झाले. १९५७ला लोटस सेव्हन आणि फायबरग्लासच्या सलग सांगाड्याची एलिट एकाच वर्षी आल्या. मे १९५८मध्ये लोटस मोनॅकोला फॉर्म्युला वनमध्ये उतरली; क्लिफ अ‍ॅलिसन सहावा आला, ग्रॅहम हिलची गाडी मध्येच थांबली. लंडनच्या उत्तरेला चेशंटमधला लोटसचा नवा कारखाना १९५९चा. मोनॅकोच्या त्या गाड्या हॉर्न्सीच्या त्या हॉटेलामागूनच निघाल्या होत्या.